सीझियम काढायला झिओलाइट की प्रशियन ब्लू?

पाण्यातलं किरणोत्सारी सीझियम-१३७ काढायचंय, कॉलम (दाणे भरलेली नळी, जिच्यातून पाणी सोडतात) कसा चालवतात हे ठाऊक आहे, अडलंय ते फक्त आत काय भरावं यावर: झिओलाइट हे सच्छिद्र खनिज, की प्रशियन ब्लू हे लोह-सायनाइडचं निळं रंगद्रव्य. दोन्हींनी ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) निघत नाही, तेव्हा तो विषय बाजूला.

पाणी खारं असेल तर निकाल लवकर लागतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सोडियम सुमारे १०.८ ग्रॅम आणि पोटॅशियम ०.४ ग्रॅम असतं. या गर्दीत झिओलाइटमधल्या जागा भराभर अडतात. पोटॅशियम आणि अमोनियम तर सीझियमच्याच मापाचे, ते हटून जागा सोडत नाहीत. प्रशियन ब्लूच्या जाळीत मात्र सीझियम नेमकं बसतं. तिथे तेच घ्यावं.

गोड्या पाण्यात, म्हणजे वापरलेलं अणुइंधन ठेवतात त्या कुंडाच्या किंवा धुण्याच्या पाण्यात, मला प्रशियन ब्लू नकोसं वाटतं ते त्याच्या चुऱ्यापायी. पाण्यात क्षार कमी असले की बारीक कण एकमेकांना धरून राहत नाहीत, कोलॉइड होऊन, म्हणजे खाली न बसता पाण्यात तरंगत, वाहू लागतात. कॉलमखालच्या बाटलीमागे पांढरा कागद धरला तर फिकट निळी झाक दिसते. प्रत्येक कणाला सीझियम चिकटलेलं असतंच, त्यामुळे मोजणीत सीझियम-१३७ची ओळख असलेली ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची गॅमा रेघ वर येते आणि भरण संपली असं समजून चांगला कॉलम काढून टाकला जातो. आधी तोच नमुना ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून पुन्हा मोजावा. मोजणी घसरली तर भरण शाबूत आहे, गळतोय तो चुरा. न घसरली तरी लगेच निर्णय नको. सर्वांत बारीक कण या फिल्टरमधूनही निसटतात. थोडी तुरटी विरघळवून, कण बसू देऊन मग गाळलं तर तेही हाती लागतात. पॉलिमरमध्ये बांधलेले दाणे घेतले तर हा ताप बराच कमी होतो, नाहीसा होतो असं नाही.

क्लिनोप्टिलोलाइटलाही, म्हणजे या कामी वापरायच्या झिओलाइटलाही, धूळ असते, पण ती पहिल्या दिवशी धुऊन जाते. अर्धा ते एक मिलिमीटरचे दाणे नितळ पाणी येईपर्यंत धुवा, लिटरला ६० ग्रॅम मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवा, मग सिल्व्हर नायट्रेटला पांढरा साका येईनासा होईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवा. कॉलममध्ये भरताना दाणे पाण्याखालीच राहिले पाहिजेत. हवा अडकली की पाणी एकाच वाटेने धावतं आणि बाकीचा थर कोरा राहतो. तासाला भरणीच्या पाच ते दहा पट पाणी सोडावं.

त्याचं पथ्य एकच, पीएच. इंग्लंडमधल्या सेलाफील्ड अणुकेंद्राच्या सिक्सेप या पाणी शुद्ध करणाऱ्या संयंत्रात १९८५ पासून हेच खनिज वापरतात, पण कुंडातलं पाणी फार अल्कधर्मी, म्हणून त्याचा पीएच आधी कार्बन डायऑक्साइडने उतरवून घेतात. अल्कधर्मी पाण्यात प्रशियन ब्लूची गत आणखी वाईट, कारण ते फुटून लोखंडाचं हायड्रॉक्साइड होतं आणि धरलेलं सीझियम पुन्हा पाण्यात येतं.

हाच दोष शेवटी पुन्हा समोर येतो, कारण वापरलेला माल बहुधा सिमेंटमध्ये मुरवायचा असतो आणि ओल्या सिमेंटचा पीएच बाराच्या वर असतो. क्लिनोप्टिलोलाइट त्यात सिमेंटशी थोडं जुळूनच घेतं. प्रशियन ब्लूसाठी वेगळी सोय आधीच ठरवावी लागते, आणि ते भाजून आटवायचं म्हटलं तर सायनाइडच्या वायूचीही.