जुनी व्हीटेक की टर्बो पोलो? नागपुरात चालवायची असेल तर

भाच्याने किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मामा, तुमच्या गाडीत जीवच नाही." व्हरायटी चौकात सिग्नल सुटल्यावर ती दोनदा बंद पडली होती. मागच्या ऑटोवाल्याने काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. भाच्याचा हात डिझेल स्विफ्टवर बसलेला. तिथे क्लच सोडला की गाडी निघते, पायही लावावा लागत नाही. माझी जुनी होंडा सिटी, १.५ व्हीटेक, तशी निघत नाही. एसी चालू, गाडीत चौघं, आणि याने हजार-बाराशे आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) क्लच सोडला. दुसरं काय होणार?

त्याला घ्यायची आहे वापरलेली मॅन्युअल गाडी, आणि चालवताना मजा यायला हवी ही अट. हातात दोन पर्याय: २००२ ची सिटी व्हीटेक किंवा २०२१ ची फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय, म्हणजे टर्बोवालं छोटं पेट्रोल इंजिन. सिटी पोलोच्या निम्म्याहून कमी पैशांत येतेय, त्यामुळे मन तिकडे ओढतंय. हाच पेच आणखी कुणाला पडला असेल, म्हणून लिहितोय.

ताकदीच्या आकड्यांवर दोघी बहिणी. सिटी १०६ बीएचपी, पोलो ११० पीएस. फरक आहे तो ही ताकद आरपीएमचा काटा कुठे असताना मिळते याचा. सिटीचे १०६ हे ६,८०० आरपीएमचे. पोलो मात्र १,७५० पासून ४,००० पर्यंत सलग १७५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. ताकद म्हणजे टॉर्क आणि आरपीएम यांचा गुणाकार, त्या हिशेबाने १,७५० लाच सुमारे ४४ पीएस हातात येतात. सिटीत टर्बो, म्हणजे हवा दाबून आत भरणारा पंखा, नाही; हवा इंजिनाने स्वतःच ओढायची. तिच्या कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्यावर, दोन आकारांचे उंचवटे असतात. खालच्या आरपीएमला छोटा उंचवटा काम करतो. काटा वर गेला की ऑइलच्या दाबाने एक पिन सरकते, मोठा उंचवटा लागू होतो, आणि हवा आत घेणारे व्हॉल्व जास्त उघडतात, जास्त वेळ उघडे राहतात. यालाच व्हीटेक म्हणतात. माझ्या गाडीत हे पाच हजारांच्या आसपास होतं. आवाज बदलतो, गाडी पुढे झेपावते. पण शहरात पाच हजारांपर्यंत काटा नेतो कोण?

याच जातीची टोकाची गाडी म्हणजे होंडाची एस२०००, १९९९ ची. दोन लिटरमधून जपानी मॉडेलला २५० पीएस, तेही ८,३०० ला. आपल्याकडे ती कंपनीने कधी विकलीच नाही. आपली व्हीटेक म्हणजे त्या घराण्यातली गरीब, पण स्वभावाने सख्खी बहीण.

मी घेतली तेव्हा पहिला महिना मलाही वाटलं, फसलो. दोन हजारांना गिअर वर टाकायची सवय, त्यामुळे गाडी सारखी धापा टाकायची. शेवटी मिस्त्रीकडे नेली. त्याने एक चक्कर मारली, तिसऱ्यात काटा सहा हजारांपर्यंत नेला, आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "भाऊ, गाडीले काई झालं नाई. तुमी घाबरता काऊन तिले?" पैसे घेतले नाहीत, चहा मात्र माझ्याकडूनच प्यायला.

मग हळूहळू हात बदलला. निघताना पंधराशे-सतराशेवर क्लच सोडायचा. चढ असेल तर थोडं आणखी. ओव्हरटेक करायचा तर गिअर आधी खाली घ्यायचा, नंतर नाही. काटोल रोडला संत्र्यांनी भरलेल्या टेम्पोमागे पाचव्यात बसून नुसता पाय दाबला, तर सिटी विचार करत बसते. त्याच जागी तिसरा टाकला की काटा साडेचार हजारांच्या वर जातो आणि टेम्पो कधी मागे पडला ते कळत नाही. पोलोत हेच काम गिअर न बदलता होतं. मला यातली पहिली तऱ्हा आवडते. बायकोला दुसरी. ती म्हणते, गाडी चालवायची की तबला वाजवायचा?

आरपीएम चढवल्याने इंजिन झिजतं ही समजूत सोडा. इंजिन तापलेलं असेल, ऑइल वेळेवर बदललेलं असेल, तर सहा हजार हे तिचं रोजचं काम आहे. उलट चौथ्यात तीसच्या वेगाला पूर्ण पाय दाबून गुरगुरत नेणं, ते खरं वाईट. डिसेंबरच्या सकाळी मात्र पहिले चार-पाच किलोमीटर शांतपणे चालवा, नागपूरची थंडी तोवर इंजिनालाही सोडत नाही.

आता मे महिन्याचं बघा. पंचेचाळीस अंशांना हवा पंधरा अंशांच्या हवेपेक्षा जवळजवळ एक दशांश विरळ असते, म्हणजे सिटीची आधीच जेमतेम असलेली खालची ताकद आणखी घटते. वर एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावरच पोसलेला. टर्बो ती तूट दाब वाढवून बरीच भरून काढतो. भर दुपारी पोलोही मंदावते, कारण गरम हवेत नॉकिंग (इंधन अवेळी पेटणं) टाळायला कॉम्प्युटर इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो. पण ते वरच्या टोकाला, सिग्नलवर जाणवत नाही. पोलोही अगदी गुणी नाही. एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, पंधराशेच्या खाली तिथेही सामसूमच असते. फक्त तिथून बाहेर पडायला तिला फार चढावं लागत नाही.

समृद्धीचा मोह दोन्हीकडे सारखाच. १२० च्या मर्यादेत, सरळ रस्त्यावर, दोघी आपापल्या परीने कंटाळवाण्या.

स्वस्तात मिळते म्हणून सिटी घेणार असाल तर हिशेब पूर्ण करा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण, ते दर पाच वर्षांनी, शिवाय हरित कर. बंपर, दिवे, दारांची रबरं शोधायला वेळ जातो. ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी सिटी बनलेली नाही, आणि वीस वर्षांचे रबरी पाइप असलेल्या गाडीत धोका आधी. मी सगळे बदलून घेतले.

भाच्याचं रोजचं जाणं-येणं मानेवाड्याहून बुटीबोरी एमआयडीसीला, आणि येताना वर्धा रोडवरची संध्याकाळची गर्दी. त्याला मी पोलो सांगितली. सिटी त्याला सवयीची होईल, महिन्यात होईल, पण रोजची वीस-पंचवीस मिनिटं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जाणार असतील तर ती सवय कुठे वापरणार? घरात दुसरी गाडी असेल, रविवारी पहाटे काटोल किंवा रामटेककडे जायची हौस असेल, तर माझं उत्तर उलटं आहे.

तरीही सिटीच बघायला गेलात, तर इंजिन सुरू करण्याआधी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून बघा. व्हीटेक ऑइलच्या दाबावर चालतं. ऑइल कमी असलं की मोठा उंचवटा लागतच नाही, आणि गाडी वर गेल्यावरही मुकी राहते. मग मोकळ्या रस्त्यावर, इंजिन तापल्यावर, तिसऱ्यात साडेसहा हजारांपर्यंत न्या, पाय पूर्ण काढा आणि आरशात बघा. निळा धूर दिसला तर किल्ली परत द्या.