उवांसाठी फणी बरी की पर्मेथ्रिन लोशन?

शाळा सुरू झाली की सोलापुरात घरोघरी मुलींच्या वेण्या सोडून उवा बघणं चालू होतं. आधी खात्री करा. केस ओले करून भरपूर कंडिशनर लावा आणि बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत ओढून पांढऱ्या पंचावर पुसा, चालणारी ऊ दिसली तरच उपचार, कारण नुसत्या लिखा जुन्या, रिकाम्यापण असू शकतात. कानामागे आणि मानेवर जरूर बघा.

आता फणी की लोशन? फणीला खर्च नाही, केमिकल नाही, पण चिकाटी पाहिजे. दर चार दिवसांनी, निदान दोन आठवडे, आणि दाट लांब केस असतील तर अर्धा तास कुठेच गेला नाही, पोरगी कंटाळते, आईची मान दुखते. १ टक्का पर्मेथ्रिन लोशन धुतलेल्या, टॉवेलने पुसलेल्या केसांना लावून १० मिनिटांनी धुवायचं, काम पटकन होतं, पण सगळ्या लिखा मरत नाहीत म्हणून साधारण नवव्या दिवशी परत लावावं लागतं आणि बरेच जण तेच विसरतात. ५ टक्केवालं खरजेचं क्रीम असतं, ते डोक्याला नको. काही उवा आता लोशनला दादही देत नाहीत.

माझं मत, लहान पोरांना आधी फणी. लोशन घेतलंत तरी फणी लागतेच. रॉकेल मात्र चुकूनही लावू नका, पेट घेतं ते! आणि उवा झाल्या म्हणून कुणी पोरीला वर्गात वेगळं बसवत असेल तर बाईंशी जाऊन बोला.