गोल्फचा सेकंडहँड आयर्न सेट: सात महिन्यांचा अनुभव, आणि ती काळी बांगडी

मागच्या मे महिन्यात माझ्या सेव्हन आयर्नचं, म्हणजे गोल्फच्या सात नंबरच्या लोखंडी काठीचं, डोकं उडालं. चेंडू गेला चाळीस पावलं आणि डोकं गेलं साठ. मोसंबीच्या तिसऱ्या ओळीत, ठिबकच्या नळीला घासून, आळ्यात जाऊन रुतलं. पाव किलोहून जड लोखंड आहे ते, आणि तिथून दहा पावलांवर आमचे मामा खुरपत बसले होते. (सालगडी आहेत, पण घरात सगळे मामाच म्हणतात.) ते उठले, डोकं शोधून आणलं, भोकात बोट घालून बघितलं आणि म्हणाले, "दादा, दांडा सुकलाय ह्याचा. रातभर पाण्यात टाका, सकाळी बसतोय घट्ट."

कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला की आपण तेच करतो. हा दांडा स्टीलचा आहे हे त्यांना सांगायलाही मला तोंड नव्हतं. वाळूजच्या कंपनीत वीस वर्षं मी क्वालिटीच बघतो, आणि हे डोकं सुटतंय हे मला दोन महिने दिसत होतं.

दिसत होतं ते त्या काळ्या बांगडीमुळे. दांडा जिथे डोक्यात शिरतो तिथे प्लास्टिकचं एक छोटं काळं कडं असतं. त्याला फेरूल म्हणतात. खुरप्याच्या मुठीला कडं असतं तसंच, फक्त खुरप्याचं कडं काम करतं आणि हे नुसतं शोभेला. ते डोक्याला चिकटून बसलेलं असायला हवं. माझ्या सेव्हनला मार्चमध्ये तिथे केसाएवढी फट दिसली, एप्रिलमध्ये नख जाईल एवढी झाली. मी म्हटलं, असू दे, प्लास्टिक आहे, सरकलं असेल. सरकत डोकं होतं.

कारण आपल्याकडचं ऊन. दांडा आणि डोकं एकमेकांत फक्त इपॉक्सीने चिकटवलेले असतात. खिळा नाही, पाचर नाही. इपॉक्सी उष्णतेने मऊ पडतं. कारागिराला डोकं काढायचं असलं तर तो हीट गननेच काढतो. मी जालन्याहून रोज वाळूजला जातो, गाडी दिवसभर उघड्यावर, बाहेर ४२-४३, आणि पिशवी डिकीत. म्हणजे कारागीर जे पाच मिनिटांत करतो ते मी तीन उन्हाळे हळूहळू करत होतो.

जुना सेट छावणीतून निवृत्त झालेल्या एका साहेबांनी २०१४ साली ६,००० रुपयांत दिलेला. खेळतो कुठे, हे लोक विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आधीच हसतात. सराव बदनापूरजवळच्या शेतात, सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या पट्टीत. आणि मुलीकडे पुण्याला गेलो की ओळखीने येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर, वर्षातून चार-पाच वेळा. एवढ्यासाठी साठ-सत्तर हजारांचा नवा सेट घ्यायचा तर घरात आधी मला उभं राहायला जागा हवी.

पहिला उपाय फुकटातला. हार्डवेअरच्या दुकानातून दोन ट्यूबांचा गोंद आणला, पाच मिनिटांत सुकणारा. अकरा फटके टिकला. चूक गोंदाची नाही, माझी. जुना गोंद भोकातून खरवडून काढायला हवा, दांड्याचं टोक पॉलिश पेपरने खरबरीत करायला हवं, दोन्ही ॲसिटोनने पुसायला हवं, शाफ्टसाठीचंच, म्हणजे दांड्यासाठीचंच, इपॉक्सी हवं आणि पुरते २४ तास हात लावायचा नाही. मी रविवारी संध्याकाळी चिकटवलं आणि चहा होईपर्यंत खेळायला उतरलो.

दुसरा उपाय, फक्त एक सेव्हन आयर्न विकत घेणं. सुट्टी काठी मिळते, डेकॅथलॉनसुद्धा त्यांच्या इनेसिसच्या काठ्या सुट्ट्या देतं. मी ऑनलाइन दुसरीच एक घेतली, २,४०० रुपये. पहिल्याच दिवशी चेंडू जुन्या सेव्हनपेक्षा दहा-बारा पावलं पुढे. बायकोला बोलावून दाखवलं. चार दिवस मला वाटत होतं की माझं वय उलटं चाललंय.

पाचव्या दिवशी कंपनीतून कोन मोजायचं बेव्हल घरी आणलं. लॉफ्ट म्हणजे काठीच्या तोंडाचा तिरकेपणा, तो जेवढा कमी तेवढा चेंडू लांब. जुन्या सेव्हनचा लॉफ्ट ३५ अंश, नव्याचा ३०. आणि जुन्या सिक्सचा? ३१. म्हणजे कंपनीने सिक्सवर सातचा आकडा घालून मला विकला होता. ही फसवणूक नाही, आता हौशी लोकांसाठीचे आयर्न असेच येतात. लॉफ्ट कमी करायचा, वजन खाली ठेवायचं म्हणजे चेंडू तरीही उंच जातो आणि माणूस खूश राहतो. पण माझ्या पिशवीत आता एकाच अंतराच्या दोन काठ्या झाल्या आणि १३० पावलांची एकही राहिली नाही. जुन्या सेटमधली एक काठी मोडली आणि तुम्ही नवीन एकच आणणार असाल, तर आधी लॉफ्ट विचारा. आकड्यावर जाऊ नका.

म्हणून तिसरा उपाय. सप्टेंबरात पुण्याच्या एका विक्रेत्याकडून वापरलेला सेट घेतला, फाइव्हपासून पिचिंग वेजपर्यंत (वेज म्हणजे जवळच्या फटक्याची जास्त तिरकी काठी) सहा काठ्या, ११,५०० रुपये. कॅव्हिटी बॅक, म्हणजे पाठ पोकळ, वजन कडेला. फटका मधोमध बसला नाही तरी चेंडू फार रुसत नाही. स्टील शाफ्ट, रेग्युलर फ्लेक्स, म्हणजे दांड्याची लवचीकता मध्यम. ग्राफाइट हलकं असतं आणि हाताला झिणझिण्या कमी येतात, पण आमच्या बांधाच्या मुरमात ते किती दिवस टिकेल याचा मला भरवसा नव्हता. मी व्हर्निअर घेऊन गेलो होतो. सहाही होझलवरचे (डोक्याच्या ज्या नळीत दांडा शिरतो ती) सीरियल नंबर बघितले, दांडे एक डोळा मिटून सरळ आहेत का ते बघितलं, तोंडावरच्या खाचांवरून नख फिरवलं. विक्रेता म्हणाला, "काका, सोनं घेताय का?" मी म्हटलं, सोनं परवडलं असतं.

सेट चांगला आहे, एवढं आधीच सांगतो. काळ्या मातीत पहिल्या पावसानंतर कोणतीच काठी चालत नाही, माती डोक्यालाच चिकटून बसते आणि प्रत्येक फटक्यानंतर बाभळीच्या काडीने खरवडावं लागतं. पण कोरड्या दिवसांत हे आयर्न चेंडू झकास उचलतात. ग्रिप कडक झालेल्या होत्या. बदलायला प्रत्येकी पाचशे सांगितले. मी कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि घासणी वापरली, अर्धी पकड परत आली. सहा पाचे तीन हजार वाचले.

मग डिसेंबर. एट आयर्नची बांगडी.

एक मिलिमीटर. व्हर्निअरने मोजलं, १.१. बाकी पाचांची फट शून्य, हिची १.१. मला रात्री झोप लागेना. बायको म्हणाली, "एवढं माझ्या दुखऱ्या दातात लक्ष घातलं असतं तर..." तिचं बरोबर होतं. पण एकदा डोकं उडताना बघितलेल्या माणसाला ती फट फट दिसत नाही. विक्रेत्याला फोटो पाठवला, व्हर्निअरसकट. तीन महिन्यांची हमी दिली होती, त्यातले अकरा दिवस शिल्लक होते. तो म्हणाला, "ते कॉस्मेटिक आहे." मी म्हटलं, लिहून द्या. तो म्हणाला, पाठवा, बघतो. येण्याजाण्याचं कुरिअर तुमचं, ६४० रुपये, तीन आठवडे लागतील. मी म्हटलं, तुमच्या जोडातली ढिलाई मी का भरू? मग उन्हात ठेवलं असेल, उन्हाचं नुकसान हमीत नाही, असं म्हणून त्याने फोन ठेवला. डिसेंबरातलं ऊन! मी त्याच रात्री हा अनुभव लिहायला बसलो आणि पाचपैकी दोन तारे देऊन टाकले. ज्या गावात सळईच्या भट्ट्या रात्रंदिवस चालतात तिथे मला पावणेतीनशे ग्रॅम पोलाद कोणी नीट चिकटवून देत नाही, असंही एक वाक्य लिहिलं होतं. ते काढलंय.

कारण जानेवारीत मला जे आधी सुचायला हवं होतं ते सुचलं. फट दोन कारणांनी पडते. एक तर बांगडी वर सरकते, नाहीतर डोकं खाली सरकतं. डोकं सरकलं तर काठीची लांबी वाढणारच. सेट आणला त्या दिवशी मी सहाही काठ्यांची लांबी वहीत लिहून ठेवली होती. एट आयर्न ३६.५ इंच. परत मोजली, ३६.५. तीन वेळा मोजली. डोकं जागच्या जागी होतं, प्लास्टिकच वर चढलं होतं. म्हणजे विक्रेता खरं बोलत होता. कॉस्मेटिक. फोन ठेवायला नको होता एवढंच.

कापलेल्यांतले दोन तारे परत केले. बांगडीही बसवली. बायकोच्या हेअर ड्रायरने प्लास्टिक जरा कोमट केलं, लाकडाच्या फळीला खाच पाडून तिने हलकेच खाली ठोकलं, एक थेंब पातळ गोंद. ड्रायर फक्त प्लास्टिकवर, तोही अर्धा मिनिट, नाहीतर खालचं इपॉक्सी ढिलं करून बसाल. आणि प्रत्येक काठीवर बांगडीच्या वरच्या कडेला दांड्यावर नेलपेंटची बारीक रेघ. बांगडी हलली की रेघ झाकली जाते, आता व्हर्निअर लागत नाही. तरी दर रविवारी मी बघतोच.

आता ज्या गोष्टीसाठी खरं म्हणजे हे सगळं लिहायला हवं होतं ती. नव्या सेटचा पिचिंग वेज ४४ अंशांचा आहे आणि माझा सँड वेज ५६. मधे बारा अंशांचं भगदाड. ७० ते ९० पावलांवर माझ्याकडे काठीच नव्हती, अर्धा फटका मारायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. दुकानदार म्हणतात, गॅप वेज घ्या, चार-पाच हजार. मी जुना सेट भंगारात द्यायला पोत्यात भरला होता. सहज म्हणून जुन्या पिचिंग वेजला बेव्हल लावलं. ४८ अंश! तीस वर्षांपूर्वीचा पिचिंग वेज म्हणजे आजचा गॅप वेजच की. पोतं सोडलं, वेज काढला, त्या दिवसापासून तो पिशवीत आहे. नियमाने १४ काठ्या चालतात, माझ्या दहा झाल्या. आणि पिशवीतला सगळ्यात भरवशाचा फटका आज त्या पोत्यातल्या काठीचा आहे. फेब्रुवारीत येरवड्याला एका छोट्या होलवर त्यानेच चेंडू झेंड्यापासून तीन पावलांवर टाकला. सोबतच्या गृहस्थांनी कोणती कंपनी म्हणून विचारलं. नाव घासून गेलंय, सांगता आलं नाही.

आज एप्रिल. पिशवी डिकीतून कायमची बाहेर, घरात तुरीच्या कोठीशेजारी उभी असते, तिथे घरातला सगळ्यात जास्त गारवा. येता-जाता सगळ्यांच्या पायात येते, त्यावरून रोज एकदा ऐकून घ्यावं लागतं. चार तारे. पाचवा मी मे संपल्यावर लांबी परत मोजून देईन. २,४०० चं ते सेव्हन अजून पडून आहे, कोणाला हवं असेल तर १,८०० ला देतो, पण ते सिक्स आहे हे आधीच सांगितलंय.

मामांनी नेलपेंटची युक्ती बघितली आणि कुऱ्हाडीच्या दांड्यावर तशीच रेघ ओढून घेतली. दोन आठवड्यांत कुऱ्हाड सरकली, रेघ पार झाकली गेली. काल संध्याकाळी हौदावर गेलो तर ती पाण्यात उलटी उभी होती.