बुलेटप्रूफ जॅकेट: आतलं, प्लेटचं की अंगभर?

बुलेटप्रूफ जॅकेट घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो 'कुठली गोळी अडवतं?' हा. प्रश्न रास्त आहे, पण अर्धा. दुसरा अर्धा असा: ते अंगाचा कुठला भाग झाकतं, आणि बाकीचा उघडा का सोडतं? बाजारातल्या तीन मुख्य प्रकारांत निवड करायची असेल तर हे आधी उमगायला हवं.

हात-पाय उघडे सोडतात ते काटकसर म्हणून नव्हे. दंडाला किंवा मांडीला गोळी लागली तर जखमेच्या वर टूर्निकेट (रक्त थांबवायचा पट्टा) आवळून रक्त थांबवता येतं. छातीत लागली तर कुठे आवळणार? हृदय किंवा महाधमनी फुटली की हातात फार तर काही मिनिटं असतात. इराक आणि अफगाणिस्तानात 2001 ते 2011 या काळात दवाखान्यात पोचण्याआधीच मेलेल्या अमेरिकी सैनिकांचा एक मोठा अभ्यास झाला. त्यातले 976 जण वाचवता आले असते असं डॉक्टरांचं मत पडलं, आणि त्यांतले 91 टक्के रक्तस्रावाने गेले होते. या रक्तस्रावांपैकी 67 टक्के धडातले, 19 टक्के मान, काख आणि जांघ या सांध्याच्या जागांचे, आणि हातापायांचे जेमतेम साडेतेरा टक्के. जॅकेट शिवणाऱ्याचा नकाशा याच आकड्यांत आहे. जिथे बाहेरून दाबून रक्त थांबत नाही, तिथे प्लेट.

आता प्रकार. पहिला, शर्टाच्या आत घालायचं मऊ जॅकेट. केव्हलारसारख्या धाग्याचे अनेक थर एकावर एक असतात (केव्हलार 1965 मध्ये ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी शोधलं). गोळी त्यात जाळ्यात मासा अडकावा तशी अडकते आणि चपटी होते. वजन साधारण दोन ते तीन किलो. गंमत म्हणजे तिन्हींत सर्वांत दुबळं असणारं हे जॅकेट प्लेटपेक्षा जास्त अंग झाकतं, कारण ते वाकतं. बरगड्यांच्या बाजू, पोटाचा बराचसा भाग आणि पाठ त्यात येते. पण हे संरक्षण पिस्तुलापुरतं. अमेरिकेच्या एनआयजे (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस) या सरकारी संस्थेच्या मानकात ज्याला आजवर 'थ्री-ए' म्हणत आले, ते 9 मिमी आणि .44 मॅग्नम अडवतं. रायफल नाही.

का नाही, ते एका हिशेबात कळतं. 9 मिमी पिस्तुलाची गोळी साधारण 8 ग्रॅमची असते. एके-47 ची गोळीही जवळपास तेवढ्याच वजनाची. पण पहिली सेकंदाला साडेतीनशे-पावणेचारशे मीटर वेगाने येते आणि दुसरी सातशेच्या वर. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट, शिवाय टोक निमुळतं. कापडाचे थर तिच्यापुढे टिकत नाहीत.

म्हणून दुसरा प्रकार, प्लेटवालं जॅकेट. पुढे एक आणि मागे एक कडक प्लेट, बहुधा सिरॅमिकची आणि तिच्या पाठीशी तंतूंचा थर. सिरॅमिक स्वतः फुटून गोळीचं टोक मोडतं, मागचा थर तुकडे धरून ठेवतो. अमेरिकी सैन्याची मध्यम मापाची प्लेट सुमारे 24 बाय 32 सेंटीमीटर, म्हणजे ए-फोर कागदापेक्षा थोडी मोठी, आणि वजनाला अडीच किलोच्या आसपास. एवढ्याशा चौकोनात काय बसवायचं? हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या आणि फुफ्फुसांचा मोठा भाग. खालचं पोट नाही, कारण प्लेट तिथवर नेली तर माणसाला गाडीत बसता येत नाही, वाकता येत नाही. पोटातली जखम साधी असते असं मुळीच नाही. यकृत आणि मोठ्या वाहिन्या तिथेही आहेत. पण आतड्याला लागलं तर शस्त्रक्रियेपर्यंत पोचायला वेळ मिळण्याची शक्यता हृदयापेक्षा बरीच जास्त.

स्वस्त म्हणून पोलादी प्लेट घेणारे बरेच असतात. माझं मत विरुद्ध आहे. पोलादावर गोळी आपटून फुटली की तिचे तुकडे कडेकडेने उडतात, आणि ते जातात नेमके गळ्याकडे आणि दंडांकडे, म्हणजे जॅकेटने उघड्या सोडलेल्या जागी. वर जाड लेप असला तर धोका कमी होतो, इतकंच.

तिसरा प्रकार अंगभर जॅकेटचा: प्लेट, बाजूच्या छोट्या प्लेट, गळपट्टी, खांद्यांवरची आवरणं, जांघेपुढचा पदर. ऐकायला हेच सर्वोत्तम वाटतं. इराक युद्धात अमेरिकेने हाच रस्ता धरला. धडाच्या जखमांनी मेलेल्या मरीन सैनिकांपैकी बरेच जण जास्त भाग झाकला असता तर वाचले असते, असं सांगणारा अहवाल 2006 च्या सुरुवातीला उघड झाला आणि बाजूच्या प्लेटची मागणी वाढली. सगळं चढवलं की वजन 13 ते 15 किलोवर जातं. मग अफगाणिस्तानच्या डोंगरात चढताना माणसं थकायला लागली, आणि 2009 मध्ये त्याच सैन्याने नुसत्या प्लेटचं हलकं जॅकेट तिकडे पाठवलं. थकलेला माणूस आडोशाला उशिरा पोचतो, म्हणजे जास्त वेळ शत्रूच्या नेमात राहतो. हा लंबक अजून हलतोच आहे. आपल्याकडे डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने 2024 मध्ये 'अभेद' नावाचं, चारी बाजूंनी झाकणारं जॅकेट जाहीर केलं, तेव्हा त्यांनीही आवर्जून वजन सांगितलं: 8.2 आणि 9.5 किलो.

उघड्या जागांचा विषय महाराष्ट्रात निघाला की 26/11 आठवतंच. हेमंत करकरे यांच्या जॅकेटच्या दर्जावर वर्षानुवर्षं बोललं गेलं, आणि दर्जाचा प्रश्न विचारायलाच हवा होता. पण शवविच्छेदन अहवालाच्या आधारे जे पुढे आलं ते असं की गोळ्या मान आणि खांदा यांच्या दरम्यान लागल्या होत्या. तिथे उत्तमातलं उत्तम प्लेटवालं जॅकेटही पोचत नाही.

मग कुणी काय घ्यावं?

अंगरक्षक असाल किंवा रोकड वाहून नेणाऱ्या गाडीवर असाल, आणि धोका गावठी कट्टा किंवा पिस्तुलाचा असेल, तर आतलं मऊ जॅकेट. रोज बारा तास अंगावर राहील असं तेवढं एकच आहे. शिवाय ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याला चुकवून दुसरीकडे नेम धरता येत नाही. प्रतापगडाखाली 1659 मध्ये शिवरायांनी चिलखत अंगरख्याच्या आत घातलं होतं, बाहेर नव्हे.

बातमीदार किंवा छायाचित्रकार म्हणून युद्धभूमीवर जाणार असाल तर प्लेटवालं, पण मऊ थर अंगासरशी ठेवणारं. नुसत्या दोन प्लेट लटकवलेलं घेऊ नका. तोफगोळ्यांचे तुकडे चोहीकडून येतात, त्यांना बरगड्यांची बाजू उघडी मिळता कामा नये.

अंगभर जॅकेट गाडीत बसून पहारा देणाऱ्याला किंवा दार फोडून आत शिरणाऱ्या पथकाला शोभतं. चालणाऱ्याला नाही.

भीती चाकूची असेल तर या तिघांतलं काहीही डोळे झाकून घेऊ नका. गोळी अडवणारं कापड सुऱ्याच्या टोकाने भोसकलं जाऊ शकतं. त्यासाठी वेगळी चाचणी असते आणि लेबलवर तिचा वेगळा उल्लेख असतो. लंडनच्या पोलिसांच्या अंगावर रोज दिसतं ते जॅकेट म्हणूनच दोन्हींचा विचार करून बनवलेलं असतं.

वापरलेलं जॅकेट स्वस्तात मिळत असेल तर तारीख बघा. आतल्या संरक्षक थरांची, म्हणजे पॅनेलची, हमी बहुधा पाच वर्षांची असते. झायलॉन नावाचा धागा एकेकाळी केव्हलारपेक्षा सरस म्हणून विकला गेला. उष्णता आणि दमटपणाने तो कमकुवत होतो हे कळल्यावर 2005 मध्ये एनआयजेने त्याची मान्यता काढून घेतली. मुंबईच्या हवेत तर त्याचं नावही नको. सिरॅमिक प्लेट पूर्वी कुणाच्या हातून पडली असेल तर आतली चीर डोळ्यांना दिसत नाही, क्ष-किरणात दिसते. भारतात नवं घेताना आयएस 17051 हे मानक आणि त्यातली पातळी लेखी मागा. आणि 'अडवली' याचा अर्थही विचारून घ्या: एनआयजेच्या चाचणीत जॅकेटमागे ठेवलेल्या मऊ मातीच्या ठोकळ्यात 44 मिलिमीटरपर्यंत खड्डा पडला तरी जॅकेट पास होतं. बरगडी मोडू शकते, माणूस वाचतो.

घालताना प्लेटची वरची कड गळ्याखालच्या खळगीशी आली पाहिजे. बहुतेक जण पोट झाकायला म्हणून ती चार बोटं खाली सोडतात आणि हृदयाच्या वरच्या मोठ्या वाहिन्या उघड्या पडतात. पट्टे आवळून एकदा खाली बसून बघा. प्लेट हनुवटीला लागत असेल तर माप चुकलंय. जॅकेटवर पुढच्या बाजूला, दोन्ही हात पोचतील अशा जागी एक टूर्निकेट अडकवा, आणि ते एका हाताने स्वतःच्या दंडावर आवळून पाहिल्याशिवाय घराबाहेर पडू नका.