मंगळावर संसार की चिरॉनवर भांडण?

दसऱ्याच्या सुट्टीत भाचा घरी आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, लॅपटॉप मोठ्या भावाकडून आलेला जुना, आणि खिशात जपून ठेवलेले थोडे पैसे. ‘मामा, दुसऱ्या ग्रहावर वसाहत करायचा गेम घ्यायचाय. एकच घेणार. कुठला घेऊ सांग की.’ मी म्हटलं, बस, चहा येऊ दे. चहा दोनदा झाला, वर कुंदाही झाला, तरी मला एक नाव काही सांगता आलं नाही. आमच्या बेळगावातल्या रविवारच्या बैठकीत सहा-सात जण हे खेळ खेळतात. प्रत्येकाला विचारलं, प्रत्येकानं आपलं नाव पुढं केलं आणि दुसऱ्याच्या नावाला नाक मुरडलं. म्हणून आता सगळं सविस्तर लिहूनच काढतो.

चर्चेत चार नावं होती: सर्व्हायव्हिंग मार्स, टेराफॉर्मिंग मार्स, अल्फा सेंटॉरी आणि सिव्हिलायझेशन मालिकेतला बियाँड अर्थ. वरवर बघता चारही एकाच माळेचे मणी. पण खेळायला बसलं की कळतं, प्रत्येकात भांडण वेगळ्याशी आहे. पहिल्यात धुळीशी, थंडीशी आणि आपल्याच माणसांच्या कुरकुरीशी. दुसऱ्यात हातातल्या पत्त्यांशी. तिसऱ्यात शेजाऱ्यांशी. चौथ्यात नेमकं कोणाशी, ते शेवटपर्यंत नीट ठरत नाही, आणि खेळणाऱ्यांची तक्रारही तीच आहे.

सर्व्हायव्हिंग मार्स बल्गेरियातल्या हेमिमाँट गेम्सनं बनवला आणि स्वीडनच्या पॅराडॉक्सनं मार्च 2018 मध्ये बाजारात आणला. यात आधी माणसं जात नाहीत. पहिल्या रॉकेटमधून ड्रोन उतरतात, ते काँक्रीट काढतात, वीज-पाण्याची सोय लावतात, घुमट उभा करतात. मग बारा जणांची पहिली तुकडी येते आणि दहा सोल, म्हणजे मंगळावरचे दहा दिवस, तुमची परीक्षा चालते. या बारा जणांचं बरं चाललंय असं दिसलं तरच पुढची माणसं. पाठीराखा देश किंवा कंपनी आधी निवडायची असते आणि त्या यादीत भारतही आहे, हे बघून भाच्याचे डोळे चमकले.

आपल्याकडच्या माणसाला हा खेळ पटकन कळतो, असं माझं मत आहे. खानापूर-जांबोटीकडं मे महिन्यात आगोटीची बेगमी करतात बघा: लाकूडफाटा आत, तिखट-मीठ भरून, कौलं शेकारून. या खेळात धुळीचं वादळ आलं की हवेतून ऑक्सिजन काढणारं मॉक्सी नावाचं यंत्र बंद पडतं, हवेतली वाफ धरून पाणी करणारी यंत्रंही थांबतात, रॉकेट उतरत नाही की उडत नाही. टाक्यांमध्ये जे भरून ठेवलंय तेवढ्यावर घुमट जगतो. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा पैसे वाचवायला ऑक्सिजनची एकच टाकी बांधली होती. चौथ्या दिवशी वादळ अजून चालूच, टाकीचा आकडा शून्याकडं निघालेला, आणि मी बसलोय नुसता बघत. ड्रोनना नवी टाकी बांधायला सांगून उपयोग काय, भरायला हवा कुठाय! जाता जाता सांगतो, हे मॉक्सी कल्पनेतलं नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये नासाच्या पर्सिव्हिअरन्स गाडीवरच्या त्याच नावाच्या यंत्रानं मंगळावर खरोखर ऑक्सिजन बनवला, पहिल्या खेपेला साधारण पाच ग्रॅम.

पण आमच्या बैठकीत वाद होतो तो घुमटातल्या माणसांवरून. प्रत्येकाला नाव, वय, शिक्षण आणि स्वभाव आहे. कोणी वनस्पतिशास्त्रज्ञ, कोणी भूगर्भवाला, कोणी आळशी, कोणी सदा रडका. शेतीला माणूस नाही आणि शास्त्रज्ञ चहाच्या टपरीवर, असे प्रकार सर्रास घडतात. मन रमलं नाही की माणसाला पृथ्वीची ओढ लागते आणि तो पुढच्या रॉकेटनं चालता होतो. आमची एक मैत्रीण, पेशानं शिक्षिका, म्हणते की तिला हा खेळ यासाठीच आवडतो. पुण्या-बेंगळूरला गेलेली गावातली पोरं सणाला येऊन परत निघतात तेव्हा त्यांच्या तोंडावर जे असतं, ते तिला खेळातल्या त्या ओढ लागलेल्या माणसांत दिसतं. उलट तिचाच नवरा म्हणतो, ‘मी मंगळ वसवायला बसलोय, वॉर्डन व्हायला नाही.’ सुरुवातीला एका घुमटातून दुसऱ्यात चालत जायची सोयच नव्हती, शिकवणी नव्हती. दोन्ही नंतरच्या अपडेटमधून आलं. मंगळ हिरवा करायची सोय 2019 च्या ग्रीन प्लॅनेट या जोडखेळात आली आणि ती बहुतेकांना भावली. 2021 च्या बिलो अँड बियाँडवर मात्र लोकांनी सडकून टीका केली. 2025 मध्ये हेमिमाँटनंच रीलाँच्ड या नावानं खेळ नव्यानं काढलाय. आता घेणारा असाल तर आधी तोच बघा.

माझी तक्रार एकच. वसाहत शंभर-दोनशे माणसांची झाली की संकटं बोथट होतात. पहिले पन्नास सोल जीव मुठीत, पुढचे दोनशे नुसती नगरपालिका. आणि तोवर जुना लॅपटॉप धापा टाकायला लागतो.

टेराफॉर्मिंग मार्सला लॅपटॉपच लागत नाही. 2016 साली आलेला हा टेबलावरचा खेळ, कर्ता स्वीडनचा याकोब फ्रिक्सेलियस. एक ते पाच खेळाडू, प्रत्येकजण एका कंपनीचा मालक. सगळे मिळून मंगळ राहण्याजोगा करतात: तापमान उणे 30 पासून अधिक 8 अंशांपर्यंत, ऑक्सिजन शून्यापासून 14 टक्क्यांपर्यंत, आणि नऊ समुद्र. तिन्ही पुरे झाले की खेळ संपला, गुण मोजायचे. मूळ पेटीत 208 प्रकल्पांचे पत्ते आहेत, एकासारखा दुसरा नाही. पत्ता हातात ठेवायलाच तीन मेगाक्रेडिट मोजावे लागतात, खेळायचे पैसे वेगळे. म्हणजे लोभानं दहा पत्ते धरून बसलात की डाव मांडायला पैसाच उरत नाही. रविवार पेठेतला कुठलाही व्यापारी हे तुम्हाला दोन मिनिटांत समजावून देईल.

आम्ही हा खेळतो तिलकवाडीत एका मित्राच्या माडीवर. गेल्या जुलैत भर पावसात रात्री साडेनऊला लाईट गेली. इन्व्हर्टर आधीच बसलेला. एमर्जन्सी दिवा मधोमध ठेवून आम्ही डाव पुढं चालू ठेवला, आणि तेवढ्यात मित्राची धाकटी पोहे घेऊन आली ती नेमकी टेबलाला धडकली. या खेळात प्रत्येकासमोर एक गुळगुळीत पातळ पुठ्ठा असतो आणि कुठल्या मालाचं उत्पादन किती, ते त्यावर छोटे चौकोनी ठोकळे ठेवून दाखवायचं असतं. धक्का लागला आणि पाचही जणांचे ठोकळे घसरले. पुढचा अर्धा तास मंगळ राहिला बाजूला. ‘माझं पोलाद तीन होतं’, ‘कशाला, दोनच होतं’, ‘मघाशी तूच म्हणालास की!’ जगभरच्या खेळाडूंची या पुठ्ठ्यावरची तक्रार जुनी आहे. लोक खाचा पाडलेले जाड फलक वेगळे विकत घेतात. आम्ही सुताराकडून करून घेतले.

दुसरा आक्षेप चित्रांचा. काही पत्त्यांवर सुबक चित्र, काहींवर कुठूनतरी आणलेला फोटो. एका पेटीतले वाटतच नाहीत. तिसरा आक्षेप जास्त खरा आहे: पाच जण एकत्र बसतात, पण प्रत्येकजण मान खाली घालून आपलाच संसार बघतो. कोणी लघुग्रहाचा पत्ता टाकून तुमची तीन झाडं उडवली की तेवढीच काय ती बोलाचाली. माझं विचाराल तर मला हे चालतं. पेटीवर दोन तास लिहिलंय. नवखे पाच जण असतील तर रात्रीच्या जेवणाची वेळ टळलीच म्हणून समजा. किंमत काही हजारांच्या घरात जाते, पण पाच जणांत वाटली तर जड नाही. पत्त्यांवर इंग्रजी आहे, तरी बरंचसं काम चिन्हांवर भागतं. मित्राची आई मराठी शाळेत सातवी शिकलेली, तिसऱ्या डावात तिनं आम्हाला हरवलं. कॉम्प्युटरवरची आवृत्ती 2018 पासून मिळते. ठोकळे घसरत नाहीत एवढाच तिचा फायदा, पोहे नाहीत.

आता माझा लाडका. अल्फा सेंटॉरी फेब्रुवारी 1999 चा. पेटीवर नाव सिड मायरचं, आराखडा मुख्यतः ब्रायन रेनॉल्ड्सचा, कंपनी फिराक्सिस. गोष्ट अशी की पृथ्वीवरून युनिटी नावाचं जहाज निघतं, वाटेत कप्तानाचा खून होतो आणि चिरॉन ग्रहावर उतरेपर्यंत माणसांचे सात तट पडलेले असतात. एक निसर्गाला देव मानणारा, एक बाजाराला, एक विज्ञानाला, एक बायबलला, एक लष्कराला, एक पोलादी शिस्तीला. सातवा संयुक्त राष्ट्रांची सनद धरून बसलेला, आणि त्याचा पुढारी आहे आपला प्रवीण लाल. ग्रहाच्या पंचायतीत निवडणूक आली की लालच्या मताला दुप्पट वजन. नवीन ग्रह, नवी हवा, पण सामान बांधून आणलेलं भांडण जुनंच. 1956 पासून महाराष्ट्र-कर्नाटकाच्या नकाशावरच्या रेघेवर बोलत आलेल्या आमच्यासारख्यांना हे कोणी समजावून सांगायला लागत नाही.

पण माझा जीव जडला तो वेगळ्याच गोष्टीवर. चिरॉनवर वारा पश्चिमेकडून वाहतो. डोंगराच्या पश्चिम उतारावर पाऊस पडतो, पूर्वेला कोरडं. आपल्याच जिल्ह्याचा नकाशा काढा: इकडं खानापूर हिरवंगार, तिकडं अथणी पाण्याला डोळे लावून. या खेळात पुरेसा पैसा असेल तर तुम्ही जमीन उचलू शकता, म्हणजे डोंगर घालू शकता. मी एकदा माझ्या हद्दीच्या पूर्व कडेला ओळीनं रांग उठवली. माझ्या बाजूला पाऊस वाढला आणि पलीकडच्या गाईअन्स लोकांची, म्हणजे त्या निसर्गाला देव मानणाऱ्या तटाची, शेतं वाळली. एक गोळी न झाडता शेजाऱ्याचा पाऊस पळवला! 1999 सालच्या खेळात हे आहे. नंतरच्या कुठल्या खेळात असलं काही मला भेटलं नाही.

दोष? ढीगभर. चित्रं आजच्या पोरांना बघवणार नाहीत, सगळीकडं तांबडी माती आणि गुलाबी बुरशी. डाव अर्ध्यावर गेला की पन्नास गाड्या एकेक करून हलवत बसावं लागतं. इंग्रजी मजकूर भरपूर आणि जड, तत्त्वज्ञानाच्या तासाला बसल्यासारखा. भाच्याचा मित्र वीस मिनिटांत उठला आणि म्हणाला, ‘हे एक्सेल शीट आहे.’ पण कसल्याही लॅपटॉपवर चालतो, गॉग या ऑनलाइन दुकानात स्वस्तात मिळतो, आणि खेळ्यांवर चालणारा असल्यानं चहाला उठलं तरी कोणी मरत नाही.

बियाँड अर्थबद्दल थोडक्यात. मंगळयान 24 सप्टेंबर 2014 ला मंगळाच्या कक्षेत पोचलं आणि बरोबर महिन्यानं, 24 ऑक्टोबरला, हा आला. फिराक्सिसचाच. अल्फा सेंटॉरीवाले सगळे आशेनं धावले. दिसायला देखणा, संशोधनाचं झाड जाळ्यासारखं चहूकडं पसरलेलं, आणि त्या ग्रहाशी जुळवून घ्यायचं, माणूसपण जपायचं की यंत्रात विरघळायचं, अशा तीन वाटा. कल्पना उत्तम. पण पुढारी मिळमिळीत. कविता ठाकूर नावाची भारतीय पुढारीण आहे, तिच्याशी पन्नास डाव खेळून मला तिचं एकही वाक्य आठवत नाही. लालची दहा म्हणून दाखवीन. 2015 च्या रायझिंग टाइडनं थोडी जान आणली. सिव्हिलायझेशन आधीच खेळत असाल आणि सेलमध्ये मिळाला तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

निपाणीचा मावसभाऊ इथं मला थांबवून म्हणेल की ऑफवर्ल्ड ट्रेडिंग कंपनीचं नाव राहिलं. बरं, घेतो. 2016 चा, सोरेन जॉन्सनचा, मंगळावरचा भाव-बाजार. बंदूक नाही, सैन्य नाही. भाव चढवायचा, पाडायचा, आणि शेवटी समोरच्याची कंपनीच विकत घ्यायची. अर्ध्या तासात निकाल. तंबाखूच्या सौद्यात वाढलेला माणूस, त्याला हाच आवडणार. मला घाम फुटतो.

मग भाच्याला काय सांगितलं? त्याच्या खोलीवर तो एकटा, लॅपटॉप जुना, इंग्रजी चांगलं, आणि पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही. असल्या पोराला मी अल्फा सेंटॉरीच सांगणार. लॅपटॉप नवा असता आणि स्वभाव माणसांत रमणारा असता, तर सर्व्हायव्हिंग मार्स. खोलीत चौघं राहत असते तर वर्गणी काढून टेराफॉर्मिंगची पेटी, आणि सुताराचा पत्ता मी दिला असता. त्यानं तोंड वाकडं केलं. चित्रं बघून म्हणाला, ‘मामा, हे तुझ्या काळातलं.’ तरी घेतला, स्वस्त म्हणून.

परवा रात्री अकराला फोन. ‘मामा, तुझा प्रवीण लाल साधा माणूस म्हणालास ना? माझ्यावर चालून आलाय.’

मी विचारलं, ‘राज्यपद्धत कुठली लावलीयस?’

तिकडं बराच वेळ काही आवाज नाही. मग हळूच, ‘पोलिसी. पण लालला नेमकी तीच खपत नाही ते माहीत नव्हतं मला.’