देवनारच्या दोन पदव्या
मुंबईत देवनारमध्ये टाटा समाजविज्ञान संस्था आणि आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्था एकमेकींपासून फार लांब नाहीत. पहिलीतली सामाजिक साथरोगशास्त्राची एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) आणि दुसरीतली जैवसांख्यिकी व लोकसंख्याशास्त्राची एमएस्सी यांची प्रकृती मात्र अगदी वेगळी आहे. गोवंडीतल्या उजेड न येणाऱ्या खोलीत एकाला क्षय झाला, तर सहा महिन्यांची औषधे चालू असताना त्याची रोजंदारी, त्याचे जेवण आणि शेजारी झोपणारी मुले यांचे काय होते, हा एमपीएचचा प्रश्न. एमएस्सीत नमुना निवड, जननदर, आयुर्मान सारणी (कोणत्या वयात किती जण जगतात-मरतात याचा तक्ता). १९९२-९३ पासूनचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणही या दुसऱ्या संस्थेकडेच आहे. आकडेमोडीची मनापासून ओढ असेल तरच एमएस्सी घ्यावी. वस्तीत हिंडून माणसांशी बोलण्याची तयारी असणाऱ्याला मी एमपीएचच सुचवीन.