गावातला दवाखाना की जिल्हा रुग्णालय?

गुहागरकडच्या एका आशाताईंनी विचारलं: लैंगिक अत्याचार झालेल्या मुलीला आधी कुठे न्यायचं, जवळच्या खाजगी दवाखान्यात की थेट रत्नागिरीला जिल्हा रुग्णालयात?

खर्चात फरक नाही. २०१३ पासून कायदा सरकारी-खाजगी दोघांनाही सारखाच: उपचार लगेच आणि मोफत. नकार दिला तर वर्षभरापर्यंत कैद. "आधी एफआयआर आणा" हेही चालत नाही. मात्र पोलिसांना कळवणं दोघांनाही बंधनकारक आहे, हे मुलीला आधीच सांगा.

खरा फरक वेळेचा. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. तातडीच्या गर्भनिरोधक गोळीचंही तसंच. रात्री तवसाळ-जयगड फेरीबोट बंद असली की रत्नागिरीला जायला खाडीला वळसा आलाच. रक्तस्राव असेल तर जवळचाच दवाखाना, दुसरा विचार नको.

पुराव्यासाठी अंगावरचे नमुने, न्यायवैद्यक (कोर्टात लागणाऱ्या वैद्यकीय) नोंदी, समुपदेशन यांत जिल्हा रुग्णालय उजवं. सखी केंद्राची (अत्याचारग्रस्त महिलांसाठीचं सरकारी मदत केंद्र) मदतही जिल्ह्याच्या ठिकाणी मिळते. छोट्या दवाखान्यात नमुन्यांची पेटी असेलच असं नाही. पुरावा टिकावा म्हणून जाण्याआधी अंघोळ टाळावी. कपडे बदललेच असतील तर कागदी पिशवीत ठेवावेत; प्लॅस्टिकमध्ये आपल्याकडच्या दमटपणात बुरशी धरते. टू-फिंगर टेस्ट (योनीत बोटं घालून केली जाणारी अशास्त्रीय चाचणी) कुणी सुचवली तर स्पष्ट नाही म्हणा, ती करू नये असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा बजावलंय. तपासणी मुलीच्या संमतीनेच.

तेव्हा जखम मोठी किंवा वाट लांबची असेल तर आधी जवळ, मग रत्नागिरी. प्रकृती स्थिर आणि गाडी दारात असेल तर थेट रत्नागिरी. वाटेत १८१ या महिला हेल्पलाइनला फोन लावा.